दोन अॅनी मूर

१८९२ सालच्या जानेवारीची पहिली तारीख. न्यूयॉर्क बंदरांतील एलिस बेटावर, परदेशांतून वस्तीस येणाऱ्या लोकांची नोंद करणारें नवें ठाणें त्या दिवशीं उघडलें, आणि तेथून प्रथम प्रवेश करण्याचा मान अॅनी मूर नांवाच्या एका आयरिश मुलीस मिळाला. आयर्लंडच्या कॉर्क परगण्यांतून ‘नेव्हाडा’ आगबोटीनें ती आपल्या दोन धाकट्या भावांस घेऊन आली होती. आईबाप आधींच न्यूयॉर्कांत येऊन राहिले होते. अधिकाऱ्यांनीं तिच्या हातीं दहा डॉलरांचें सोन्याचें नाणें ठेविलें, वर्तमानपत्रांत तिचें नांव झळकलें, आणि मग त्या अफाट शहराच्या गर्दींत ती दिसेनाशी झाली.

पुढें कित्येक वर्षें असें समजलें जाई कीं, ती टेक्सास संस्थानांत गेली, आयर्लंडचे थोर पुढारी डॅनिएल ओकॉनेल यांच्या वंशजाशीं तिनें विवाह केला व १९२३ सालीं ट्रामच्या अपघातांत तिचा अंत झाला. त्या बाईच्या वंशजांस समारंभांतून मानानें बोलाविलेंही गेलें. कथा मोठी सुरस होती. दोष एवढाच कीं, ती दुसऱ्याच अॅनी मूरची होती! मेगन स्मोलेनियाक या अमेरिकन वंशसंशोधक बाईंनीं कागदपत्रें चाळलीं, तेव्हां टेक्सासच्या अॅनीचा जन्म आयर्लंडांत नव्हे, अमेरिकेंतच, इलिनॉय संस्थानांत झाल्याचें आढळून आलें.

मग खरी अॅनी गेली कोठें? बाईंनीं एक हजार डॉलरांचें बक्षीस लाविलें, आणि २००६ सालीं हें कोडें सुटलें. धागा मिळाला तो अॅनीचा नव्हे, तिच्या फिलिप नांवाच्या भावाचा. विवाहानंतर स्त्रीचें आडनांव बदलतें, भावाचें बदलत नाहीं. फिलिपनें अमेरिकेचें नागरिकत्व घेतल्याचा कागद सांपडला, त्यावरून त्याचे वंशज सांपडले, आणि त्यांच्याकडून अॅनीचा माग लागला. ती न्यूयॉर्क सोडून कधींच गेली नव्हती. जर्मन कुळांतील एका तरुणाशीं विवाह करून तिनें त्या शहराच्या गरीब वस्तींतच संसार केला. तिचीं बरींच मुलें बालपणींच दगावलीं. १९२४ सालीं ती वारली, आणि क्वीन्स भागांतील कॅल्व्हरी स्मशानभूमींत तिला ज्या जागीं पुरलें, तेथें नांवाचा साधा दगडही नव्हता. जिचा पुतळा १९९३ पासून एलिस बेटावर उभा आहे, तिची थडगी मात्र २००८ पर्यंत निनांवीच होती. त्या वर्षीं तेथें केल्टिक क्रूस उभारण्यांत आला.

अॅनीचा माग अमेरिकेंतच लागला; ज्यांस समुद्र ओलांडून मागें जावयाचें असतें, त्यांची वाट याहून बिकट. १८४५ पासून बटाट्याच्या पिकावर रोग पडून आयर्लंडांत भयंकर दुष्काळ झाला. सुमारें दहा लक्ष माणसें मेलीं, आणि त्याहून अधिक देश सोडून गेलीं. त्यांच्या पणतवंडांनीं आज आपलें मूळ शोधूं म्हटलें, तर आडवी येते ती १९२२ सालची आग. त्या वर्षीं ३० जून रोजीं, यादवी युद्धांत, डब्लिनचें सरकारी दप्तरखानें जळालें. १८२१ ते १८५१ या सालांच्या खानेसुमारीचीं बहुतेक पत्रकें त्यांत भस्म झालीं. पुढील चार खानेसुमाऱ्यांचीं पत्रकें तर सरकारनेंच आधीं नष्ट केलेलीं होतीं. म्हणून आज संपूर्ण उपलब्ध असलेली सर्वांत जुनी खानेसुमारी १९०१ ची.

तरीही वाट अगदींच खुंटलेली नाहीं. कॅथलिक देवळांतील बाप्तिस्म्याच्या नोंदवह्या गांवोगांवींच राहिल्यामुळें आगींतून वांचल्या. १८४७ ते १८६४ या काळांत रिचर्ड ग्रिफिथ यांनीं केलेल्या जमीन-घरांच्या पाहणींत कुटुंबप्रमुखांचीं नांवें वाडीवार मिळतात. मात्र वाडीचें नांव ठाऊक नसेल, तर एकाच नांवाच्या अनेक माणसांतून आपला पणजा ओळखावा कसा? म्हणून शहाणा शोधक आधीं अमेरिकेंतील कागद पुरते धुंडाळतो, भाऊबहिणींचे, शेजाऱ्यांचे, बाप्तिस्म्याच्या साक्षीदारांचे कागदही पाहतो, आणि जें ठाऊक आहे तेथून एकेक पायरी मागें जातो.

आमच्या वाचकांपैकीं ज्यांनीं स्वतःच्या घराण्याचा कुलवृत्तांत जुळविला असेल, त्यांस नामसाम्याचा हा घोटाळा नवा नाहीं. थोर पुरुषाशीं नातें लागत असलें, कीं पुराव्याची चौकशी करण्याचें आपणांस सुचत नाहीं. खऱ्या अॅनीच्या चरित्रांत ना ओकॉनेल होते, ना टेक्सासचें साहस. होतें तें दारिद्र्य, लेंकरांचे मृत्यू आणि चिकाटीनें रेटलेला संसार. परंतु तेंच लक्षावधि आयरिश स्त्रियांचें खरें चरित्र आहे. पूर्वजांचा शोध घ्यावयाचा तो त्यांचा थोरपणा मिरविण्यासाठीं नव्हे, तर जे जसे होते तसे त्यांस ओळखण्यासाठीं, असें आम्हांस वाटतें.