एका अक्षराची कामगिरी

निबंधाची वही परत मिळाली की आपण आधी काय बघतो? गुण! आणि मग दिसतात त्या लाल शाईच्या खुणा. इथं वेलांटी चुकली, तिथं उकार चुकला. ‘एवढ्याशा चुकीनं काय बिघडतं? बाईंना अर्थ तर कळला ना!’ असं तुम्ही कधीतरी पुटपुटला असालच. आज तुम्हांला अशा एका जगाची ओळख करून देणार आहे, जिथं एकच अक्षर दुरुस्त करणाऱ्याचंही नाव नोंदवून ठेवतात. हे जग आहे संगणकाच्या प्रोग्रॅम्सचं!

बऱ्याच कंपन्या आपल्या प्रोग्रॅमचा मूळ मजकूर कुलूपबंद ठेवतात. पण काही सॉफ्टवेअरचा मजकूर सर्वांसाठी खुला असतो. कुणीही तो वाचावा, वापरावा, त्यात सुधारणा सुचवावी. याला मुक्त स्रोत सॉफ्टवेअर म्हणतात. त्यातलं एक गाजलेलं नाव म्हणजे लिनक्स. १९९१ साली फिनलंडमधल्या हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या तरुणानं ते लिहायला घेतलं. पुढं जगभरातल्या हजारो लोकांनी त्यात भर घातली. तुमच्या घरी अँड्रॉइड फोन असेल, तर त्याच्या गाभ्यात लिनक्सच आहे, बरं का!

आता गंमत बघा. प्रोग्रॅममधली प्रत्येक ओळ संगणकासाठी नसते. आजीच्या पाककृतींच्या वहीत कसं समासात लिहिलेलं असतं, ‘इथं गॅस बारीक करावा, नाहीतर करपतं’? तशाच टिपा प्रोग्रॅम लिहिणाराही मध्येमध्ये लिहून ठेवतो. त्यांना कॉमेंट म्हणतात. पायथन भाषेत कॉमेंटच्या आधी # हे चिन्ह लावतात. ते दिसलं की संगणक ओळीचा पुढचा भाग सोडून देतो. याशिवाय प्रोग्रॅम कसा वापरायचा हे सांगणारी माहितीपुस्तिका असते, ती वेगळीच.

म्हणजे कॉमेंटमध्ये स्पेलिंग चुकलं तरी संगणक अडखळत नाही. मग ही चूक नडते कुणाला? माणसाला!

समजा, लाखो ओळींमधून ‘सेपरेट’ हा शब्द कुठं कुठं आलाय ते तुम्हांला शोधायचं आहे. तुम्ही बरोबर स्पेलिंग टाइप केलंत. पण एका ठिकाणी कुणीतरी ‘पी’नंतरच्या ‘ए’च्या जागी ‘ई’ लिहून ठेवलंय. झालं! साध्या शोधात ती जागा दिसणारच नाही. माणूस चूक समजून घेतो. संगणक अक्षराला अक्षर जुळवून बघतो. आणि नेमकी तीच कॉमेंट धोक्याची सूचना देणारी असली तर? लिनक्सच्या मंडळींना हे चांगलं ठाऊक आहे. किरकोळ दुरुस्त्या कशाला म्हणावं, हे सांगणाऱ्या त्यांच्या नियमांत, शोध चुकवणाऱ्या स्पेलिंगचा मुद्दाम वेगळा उल्लेख वर्षानुवर्षं होता.

दुसरं असं, की हा मजकूर वाचणाऱ्या कितीतरी जणांची मातृभाषा इंग्रजी नसते. सांगलीतली एखादी मुलगी प्रोग्रॅम वाचायला बसते, शब्द अडतो, ती डिक्शनरी उघडते. शब्दच चुकीचा छापलेला, तर तो तिथं सापडणार कसा? तिला वाटतं, आपलंच इंग्रजी कच्चं!

म्हणून लिनक्सच्या मूळ मजकुरातच एक मजेदार यादी ठेवलेली आहे. प्रत्येक ओळीत आधी चुकीचं स्पेलिंग, मध्ये दोन उभ्या रेघा आणि मग बरोबर स्पेलिंग. अशा हजाराहून जास्त ओळी! डेबियन नावाच्या दुसऱ्या एका मुक्त प्रकल्पाकडून ही यादी घेतली आणि मग वाढवत नेली. ‘रिसीव्ह’मध्ये ‘सी’नंतर आधी ‘ई’ की आधी ‘आय’, या प्रश्नानं तुम्हांला छळलं असेल, तर मन छोटं करू नका. मोठमोठ्या प्रोग्रॅमरांचीही तिथंच दांडी उडते!

तुम्ही विचाराल, सरळ डिक्शनरी का नाही वापरत? कारण प्रोग्रॅममध्ये मुद्दाम बनवलेले, तोडलेले, जोडलेले असंख्य शब्द असतात. डिक्शनरी त्या सगळ्यांना चूक ठरवील. त्यापेक्षा नेहमी होणाऱ्या चुकाच तेवढ्या हेराव्यात, हे सोपं.

पण थांबा! चूक दिसली की लगेच पुसायची, असंही नाही. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये तयार झालेल्या युनिक्समध्ये नवी फाइल तयार करायच्या आज्ञेचं नाव आहे ‘क्रिएट’. पण त्यातला शेवटचा ‘ई’ गाळलेला! युनिक्सचे एक जनक केन थॉम्पसन यांना पुढं कुणीतरी विचारलं, की पुन्हा युनिक्स लिहायचं झालं तर काय बदलाल? तो ‘ई’ घालीन, असं त्यांनी सांगितलं. तो आजतागायत घातलेला नाही. कारण ही कॉमेंट नव्हे, हे नाव आहे. असंख्य प्रोग्रॅम त्याच नावानं हाक मारतात. नाव बदललं, तर हाकेला ओ कोण देणार?

इंटरनेटवरही असाच एक किस्सा घडला. एका पानावरून दुसऱ्या पानावर गेलात, की हा पाहुणा कुठून आला हे ब्राउझर नव्या संकेतस्थळाला सांगू शकतो. त्या माहितीचं नाव ‘रेफरर’. स्पेलिंगमध्ये मध्ये दोन ‘आर’ हवेत, पण सुरुवातीला एकच लिहिला गेला. १९९६ साली नियम प्रसिद्ध झाले, तेही तसेच. आता जगभरची यंत्रं तेच चुकीचं स्पेलिंग वापरतात. गंमत म्हणजे नंतर आलेल्या ‘रेफरर पॉलिसी’ या नावात दोन्ही ‘आर’ जागच्या जागी आहेत! वेळेवर एका अक्षराकडं कुणी लक्ष दिलं असतं, तर मिनिटाचं काम होतं. आता ते जवळजवळ अशक्य.

तेव्हा दुरुस्ती करणाऱ्यानं आधी विचारायचं: हे माणसासाठी लिहिलंय की यंत्रासाठी? आणखी एक सावधगिरी. ‘कलर’ शब्दात ‘यू’ दिसला तर ती चूक नव्हे. ते ब्रिटिश वळण आहे. त्या प्रकल्पाची पद्धत कोणती, ते आधी बघावं.

दुरुस्ती पाठवतात कशी? बऱ्याच प्रकल्पांत मूळ मजकुराची आपली प्रत काढायची, तीत बदल करायचा, का केला ते एका ओळीत लिहायचं आणि ‘हा स्वीकारा’ अशी विनंती पाठवायची. प्रकल्प सांभाळणारे, म्हणजे मेंटेनर, जुनी आणि नवी ओळ शेजारी ठेवून तपासतात. पटलं तर बदल सामावून घेतात. टोरवाल्ड्स यांनीच २००५ साली बनवलेल्या ‘गिट’ या साधनात बदलाबरोबर तुमचं नाव आणि तारीख नोंदली जाते.

मात्र नुसत्या नावासाठी हे करू नका. ‘हॅक्टोबरफेस्ट’ नावाच्या वार्षिक उपक्रमात ठरावीक विनंत्या पाठवणाऱ्याला टी-शर्ट मिळत असे. २०२० साली टी-शर्टच्या मोहानं अनेकांनी निरर्थक बदलांचा पाऊस पाडला. ते तपासता तपासता मेंटेनर हैराण झाले. शेवटी, ज्या प्रकल्पांना भाग घ्यायचा असेल त्यांनीच तसं कळवावं, असा नियम करावा लागला. मेंटेनर बऱ्याचदा आपल्या फुरसतीत, विनामोबदला काम करतात. त्यांचा वेळ म्हणजे टी-शर्ट नव्हे!

आणि हे सगळं फक्त इंग्रजीतच चालतं असं समजू नका. फायरफॉक्स ब्राउझर आणि लिबरऑफिस मराठीतही आहेत. त्यांतल्या मराठी शब्दांमागं कितीतरी स्वयंसेवकांचे कष्ट आहेत. तिथंही वेलांटी चुकू शकते. ‘दिन’ म्हणजे दिवस आणि ‘दीन’ म्हणजे गरीब, हे संगणकाच्या पडद्यावरही तितकंच खरं!

तेव्हा पुढच्या वेळी वहीत लाल खूण दिसली, तर रागावू नका. बाईसुद्धा एक मेंटेनरच आहेत. आणि तुम्हांला कुठं एखादं अक्षर चुकलेलं दिसलं, तर नुसतं हसू नका. घरच्या मोठ्यांना किंवा शिक्षकांना सोबत घ्या, नीट खात्री करा आणि दुरुस्ती पाठवा. पुढं तिथं येणारा अडखळणार नाही. तो तुम्हांला ओळखणारही नाही; पण वाट मात्र त्याला सरळ मिळेल.