घेतला, दिला, नेला, आला : अनियमित क्रियापदं टिकतात कशी?

चांगी बिझनेस पार्कात आमच्या मजल्यावरचा एक सहकारी सध्या इटालियन शिकतो आहे. त्याची बदली मिलानला होणार आहे. त्याने डेस्कवर क्रियापदांचा एक तक्ता चिकटवलाय. त्यात सगळ्यात वर 'आन्दारे', म्हणजे 'जाणे'. पण 'मी जातो' म्हणायचं असेल तर 'वादो', 'आम्ही जातो' म्हणायचं असेल तर 'आन्दियामो', आणि 'मी जाईन'साठी 'आन्द्रो'. एकाच क्रियापदात दोन वेगळे शब्द कशाला, असं त्याचं म्हणणं. तुमच्या भाषेत अशी भानगड नसेल ना, असं त्याने विचारलं, तेव्हा मी त्याला 'जातो' आणि 'गेलो' असे दोन शब्द कागदावर लिहून दिले.

मराठी बोलताना आपल्याला हे कधी जाणवतही नाही. 'बस'चं 'बसला', 'उठ'चं 'उठला', मग 'जा'चं 'गेला' कसं झालं? हा 'गे' आला कुठून?

चार भावांची गोष्ट

घेणे, देणे, नेणे, येणे ही चार क्रियापदं घ्या. वर्तमानकाळात ती अगदी एका साच्यातली वाटतात : घेतो, देतो, नेतो, येतो. भविष्यकाळातही तसंच : घेईल, देईल, नेईल, येईल. काळ सोडून अर्थाकडे, म्हणजे आज्ञा किंवा इच्छा दाखवणाऱ्या रूपांकडे वळलात, तरी चौघं एकत्रच चालतात. आज्ञार्थ : घ्या, द्या, न्या, या. विध्यर्थ : घ्यावं, द्यावं, न्यावं, यावं.

आता भूतकाळ. घेतला, दिला, नेला, आला. चार भाऊ, चार वाटा!

मराठी क्रियापदाचा अनियमितपणा असा मुख्यतः एकाच कोपऱ्यात, 'ल'च्या रूपांत साठलेला आहे. करणे–केला, मरणे–मेला, होणे–झाला, खाणे–खाल्ला, पिणे–प्यायला, धुणे–धुतला, सांगणे–सांगितला, घालणे–घातला. इटालियनमध्ये हाच पसारा वर्तमानकाळातही आहे आणि इच्छार्थातही. 'फारे' म्हणजे करणे. पण 'मी करतो'ला 'फाच्चो', 'मी केलं'ला 'फेची' आणि 'केलेलं' या अर्थी 'फात्तो'. त्या मानाने मराठी शिकणाऱ्याचं काम सोपं म्हणायचं.

अपवाद म्हणजे जुना नियम

शाळेत आपण 'अपवाद' हा शब्द शिकतो आणि सोडून देतो. इतिहासात डोकावलं की वेगळं चित्र दिसतं. संस्कृतमधले तीन शब्द पाहा : कृत, मृत, गत. प्राकृतात त्यांच्या मधला 'त' गळून पडला. उरलेल्या शब्दाला 'इल्ल' हा प्रत्यय लागला, स्वर एकमेकांत मिसळले, आणि तयार झाले केला, मेला, गेला. मूळ तीन शब्दांचा शेवट जसा सारखा, तसाच त्यांच्या वंशजांचाही. 'आगत'पासून 'आला' झाला तोही याच वाटेने. म्हणजे 'केला' हे रूप कुणी लहरीने बनवलेलं नाही. ज्या काळात ते घडलं त्या काळात ते नियमानेच घडलं. पुढे नियम बदलला, 'धातूला ल लावा' ही सोपी रीत आली, आणि हे जुने शब्द तसेच राहिले.

'जातो–गेला' या जोडीचं कारण आणखी निराळं आहे. 'जाणे' आलं 'या' धातूपासून (याति), तर 'गेला' आलं 'गम्'पासून. दोन वेगळ्या क्रियापदांनी एकत्र संसार थाटला. इंग्रजीतही तेच घडलं : 'गो'चा भूतकाळ 'वेंट' हा मुळात 'वेंड' या दुसऱ्याच क्रियापदाचा. इटालियन 'वादो' लॅटिनच्या 'वादेरे'मधून आला. 'आन्दियामो'चं कूळ वेगळं.

सगळ्यात जुनी जोडी 'असणे'ची. मराठीत 'असेल' म्हणताना 'अस्' हा धातू असतो, पण 'होता' म्हणताना आपण 'भू'कडे वळतो. भवति, होइ, होणे अशी ती वाट आहे. इटालियनमध्ये 'तो आहे'ला 'ए' म्हणतात, त्याचं मूळ 'अस्'चा भाऊ. आणि 'मी होतो' या अर्थी जुनं रूप 'फुई', त्याचं मूळ 'भू'चा भाऊ. संस्कृतातही 'अस्ति'चं भविष्य 'भविष्यति' होतं. पाणिनीने याची नोंद घेऊन चक्क नियम केला, की विशिष्ट प्रत्ययांपुढे 'अस्'च्या जागी 'भू' येतो. तेव्हा मिलानमधला माणूस आणि मिरजेतला माणूस एकाच जुन्या कुटुंबाची ही सवय अजून सांभाळतायत.

डोक्यातला तक्ता आणि डोक्यातला नियम

आता मुलांकडे येऊ. तीन-चार वर्षांचं मूल 'आजी येली' किंवा 'मी करलं' म्हणतं, आणि आपण हसतो. पण जरा विचार करा : 'येली' हा शब्द त्या मुलाने ऐकला कुठे? घरात तर तो कुणी बोलत नाही. म्हणजे ही नक्कल नाही. मुलाने ऐकलेल्या वाक्यांतून 'ल लावा' हा नियम स्वतः शोधून काढला आणि वापरला.

१९५८ साली जीन बर्को या अमेरिकन संशोधिकेने मुलांना बनावट शब्द देऊन हेच तपासलं. पूर्वी कधीही न ऐकलेल्या शब्दांनाही मुलं योग्य प्रत्यय लावतात, असं तिला दिसलं. घरी करून पाहा. मुलाला सांगा, 'हा माणूस रोज झिबतो. कालही तो...' आणि थांबा. बहुतेक करून उत्तर येईल : 'झिबला'. आपण मोठे तरी काय वेगळं करतो? 'गुगलणे' हे क्रियापद नव्याने आलं, तेव्हा त्याचं 'गुगललं' झालं. 'गुगतलं' कुणी केलं नाही.

आपल्यातल्या अनेकांचं पोट सॉफ्टवेअरवर असल्यामुळे त्याच भाषेत सांगतो. मानसशास्त्रज्ञ स्टीव्हन पिंकर यांच्या मांडणीनुसार डोक्यात दोन गोष्टी असतात : पाठ असलेल्या रूपांचा एक तक्ता आणि एक सर्वसाधारण नियम. बोलताना आधी तक्ता तपासला जातो. नोंद सापडली तर ती वापरायची, नाही तर नियम चालवायचा. मुलाच्या तक्त्यात 'आली' ही नोंद अजून फिकट असते. ती वेळेवर सापडली नाही की नियम धावतो आणि तोंडातून 'येली' बाहेर पडतं. सगळ्यांना हे दुहेरी यंत्र मान्य नाही. १९८६ मध्ये रुमेलहार्ट आणि मॅक्लेलँड यांनी एकही नियम न भरलेलं एक न्यूरल नेटवर्क अशीच रूपं शिकू शकतं असं दाखवलं, आणि तेव्हापासूनचा हा वाद अजून मिटलेला नाही. पण एका गोष्टीवर दोन्ही बाजूंचं एकमत आहे : अनियमित रूप पक्कं होतं ते वारंवार ऐकण्याने.

इंग्रजी मुलांच्या बाबतीत हा प्रवास नीट नोंदलेला आहे. मूल आधी बरोबर रूप बोलतं, मग नियम सापडल्यावर मधूनमधून चुकतं, आणि शेवटी पुन्हा बरोबर बोलू लागतं. मधला टप्पा घसरणीचा वाटतो, प्रत्यक्षात तो प्रगतीचा असतो.

जे रोज वापरात, तेच टिकतं

२००७ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात एरेझ लीबरमन आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास आला. त्यांनी जुन्या इंग्रजीतली १७७ अनियमित क्रियापदं घेतली. मध्ययुगीन इंग्रजीत त्यांतली १४५ अनियमित उरली होती, आजच्या इंग्रजीत ९८. बाकीची नियमित झाली. कोणती गळली? जी कमी वापरात होती ती. त्यांनी मांडलेलं गणित असं की एखादं क्रियापद शंभरपट कमी वापरलं गेलं, तर ते दहापट लवकर नियमित होतं. इंग्रजीतली सर्वाधिक वापराची दहाही क्रियापदं अनियमित आहेत, याचं कारण हेच.

मराठीतही असे बदल चालूच असतात. 'म्हटलं'च्या जोडीला 'म्हणलं' सर्रास ऐकू येतं. 'मिळालं'च्या चालीवर 'कळलं'चं 'कळालं' होतं. जुन्या कागदपत्रांत 'झाला'ऐवजी 'जाला' आहे. भाषा कुठल्याच पिढीत थांबलेली नव्हती.

इथलं गणित

आता हेच तर्कशास्त्र सिंगापूरला लावून पाहू. इथल्या शाळांत मातृभाषा म्हणून तमिळशिवाय बंगाली, गुजराती, हिंदी, पंजाबी आणि उर्दू या भारतीय भाषा घेता येतात. मराठी त्यात नाही. आपली मुलं बहुधा हिंदी घेतात. दिवसभर इंग्रजी, तासाला हिंदी, आणि मराठी फक्त घरी, संध्याकाळी, आईबाबा चांगीहून थकून आल्यावर. तक्त्यातल्या नोंदी गडद व्हायला जेवढं ऐकावं लागतं तेवढं कानावर पडतच नाही. त्यात हिंदीचं 'मरा' आणि 'आया' हे नियमित, त्यामुळे 'मेला' आणि 'आला' यांना तिथूनही आधार मिळत नाही.

आणखी एक गोष्ट आपण मोठेच करतो. 'हात वॉश केले', 'शूज वेअर केले', 'टीचरला इन्फॉर्म केलं'. प्रत्येक वेळी 'करणे' मदतीला येतं. परिणाम काय? 'केलं' मुलांच्या कानावर भरपूर पडतं, म्हणून ते पक्कं होतं. पण 'धुतले', 'घातले', 'सांगितलं' यांची पाळी येतच नाही. लीबरमन यांना ज्या घटनेसाठी शतकं मोजावी लागली, ती आपल्या घरात एका पिढीत घडते. फरक इतकाच, की तिथे रूपं नियमित झाली. इथे मूळ क्रियापदच वापरातून जातं.

याहून मोठा धोका हसण्याचा आहे. सुट्टीत गावी गेल्यावर 'मी घेलं' ऐकून सगळं घर हसतं. कुणाच्या मनात वाईट नसतं. पण सात-आठ वर्षांच्या मुलाला ते कळतं, आणि पुढच्या वेळी ते इंग्रजीत उत्तर देतं. मग कानावर पडणारं मराठी आणखी घटतं, कारण आपणही इंग्रजीकडे वळतो.

उपाय फार अवघड नाही. मूल 'आजी येली' म्हणालं, तर 'येली नाही, आली म्हण' असं अडवू नका. 'हो, आजी आली! कशाने आली?' एवढं म्हणा. संवाद पुढे जातो आणि नोंदही गडद होते. दुसरं, गोष्टी सांगा. गोष्ट भूतकाळात चालते, म्हणून दहा मिनिटांच्या गोष्टीत गेला, आला, दिला, नेला, म्हणाला यांचा नुसता पाऊस पडतो. सूचनांत तो पडत नाही. 'जेव, झोप, आवर' यांत भूतकाळ कुठला? सिंगापूर भारताच्या अडीच तास पुढे आहे. इथे रात्री आठ वाजता तिकडे साडेपाच झालेले असतात. आजीआजोबांना 'आज काय काय केलंत?' एवढं मुलाला विचारू द्या, आणि त्यांना निवांत बोलू द्या. महाराष्ट्र मंडळाची मराठी शाळा मदत करतेच, पण रोजची वारंवारिता ती देऊ शकत नाही. ती फक्त घरातच मिळते.

'गेला' हे रूप 'गत'पासून निघून शेकडो वर्षं तोंडातून कानात, कानातून तोंडात असं प्रवास करत आपल्यापर्यंत आलं. त्याला पुढे जायला दुसरी वाट नाही. त्यामुळे आज रात्री मुलांना झोपवताना एक राजा होता, तो शिकारीला गेला, इथून सुरुवात करा.