अर्ध्या दिवसाचे शहर

डॅन्यूब नदीवरून प्रवाशांना घेऊन फिरणारे जहाज जर्मनीतील रेगेन्सबुर्ग शहराच्या धक्क्याला लागते, तेव्हा प्रवाशांच्या हाती बहुधा अर्धा दिवस असतो. तेवढ्या अवधीत दगडी पूल, सेंट पीटरचे कॅथेड्रल, जुने नगरभवन आणि पुलाशेजारचे प्राचीन उपाहारगृह एवढे सहज पाहून होते. शहर देखणे आहे, याविषयी दुमत नाही. परंतु हे देखणेपण इतकी शतके टिकले कसे, हा प्रश्न त्या अर्ध्या दिवसात सहसा कोणी विचारीत नाही. त्याचे उत्तर कलेच्या इतिहासापेक्षा अर्थशास्त्रातच अधिक सापडते.

रोमन सम्राट मार्कस ऑरेलियसच्या काळी, इ. स. 179 मध्ये, येथे लष्करी तळ उभा राहिला. त्याच्या वेशीचे अवशेष आजही दिसतात. पुढे 1135 ते 1146 या काळात नदीवर सुमारे तीनशे मीटर लांबीचा दगडी पूल बांधला गेला आणि या पुलाने शहराचे नशीब पालटले. उत्तर-दक्षिण व्यापाराचा मार्ग येथून जाऊ लागला, व्हेनिसशी देवघेव वाढली, आणि 1245 मध्ये शहराला स्वायत्त साम्राज्यनगरीचा दर्जा मिळाला. इटलीतील धनिकांचे अनुकरण करून येथील सावकार-व्यापाऱ्यांनी आपल्या वाड्यांवर उंच मनोरे चढविले. संरक्षणापेक्षा श्रीमंतीचे प्रदर्शन हाच त्यांचा मुख्य हेतू होता.

ही भरभराट कायम राहिली नाही. व्यापाराचे मार्ग बदलले; न्यूरेंबर्ग आणि ऑग्सबर्ग ही शहरे पुढे गेली आणि रेगेन्सबुर्ग मागे पडले. 1663 ते 1806 पर्यंत साम्राज्याची प्रतिनिधिसभा येथेच भरत असे, त्यामुळे मान राहिला. परंतु व्यापाराचे जुने वैभव परतले नाही. जुने पाडून नवे बांधायला पैसा लागतो आणि तोच नव्हता. म्हणून मध्ययुगीन वाडे, मनोरे आणि अरुंद गल्ल्या जागच्या जागी राहिल्या. दुसऱ्या महायुद्धातही जुन्या शहराची तुलनेने कमी हानी झाली. 2006 मध्ये युनेस्कोने ज्याला जागतिक वारशाचा दर्जा दिला, ते बव्हंशी या दीर्घ मंदीचेच दान होय.

मात्र मंदीचे दान नेहमीच असे निरुपद्रवी नसते. शहराची आर्थिक पीछेहाट होत असताना रोष वळला तो तेथील ज्यू वस्तीकडे. 1519 च्या जानेवारीत सम्राट मॅक्सिमिलियन निधन पावला. ज्यूंना सम्राटाचे संरक्षण होते. ते सरताच नगरपरिषदेने संपूर्ण समाजाला शहराबाहेर घालविले आणि त्यांचे प्रार्थनामंदिर पाडून टाकले. आज त्या चौकात पांढऱ्या रंगाचे एक स्मारक आहे. शिल्पकार दानी काराव्हान यांनी 2005 मध्ये पूर्ण केलेले हे स्मारक त्या मंदिराच्या पायाची रेषा दाखविते. पाय दुखू लागलेले प्रवासी त्यावर विसावतात. आपण कशावर बसलो आहोत, हे त्यांतील किती जणांना ठाऊक असेल ?

आता नव्या उत्पन्नाचा हिशेब पाहू. ऱ्हाइन, माइन आणि डॅन्यूब यांना जोडणारा कालवा 1992 मध्ये पूर्ण झाला आणि उत्तर समुद्रापासून काळ्या समुद्रापर्यंतचा जलमार्ग खुला झाला. जहाजाचा प्रवासी मात्र झोपतो जहाजावर आणि बहुतेक जेवणेही तेथेच घेतो. शहराच्या वाट्याला येते ती गर्दी, आणि जोडीला कॉफीचे व भेटवस्तूंचे थोडे पैसे. लाभ एकाच्या पदरी आणि भार दुसऱ्याच्या माथी, अशी ही विभागणी आहे. ॲमस्टरडॅमने 2024 मध्ये नदीतील प्रवासी जहाजांची संख्या निम्म्याने घटविण्याचे ठरविले, ते उगाच नव्हे.

रेगेन्सबुर्गला एक आधार आहे. तेथील विद्यापीठात 1967 पासून अध्यापन सुरू आहे आणि बीएमडब्ल्यूचा मोटार कारखाना 1986 मध्ये उघडला. पोट पर्यटनावरच अवलंबून नसल्यामुळे हे शहर पाहुण्यांपुढे अटी ठेवू शकते. जुन्या पुलाच्या कमानी आजच्या मोठ्या जहाजांना ठेंगण्या पडतात. तरी पूल न पाडता जहाजांसाठी बाजूने कालवा काढण्यात आला. पुलावरून खासगी मोटारींना 1997 मध्ये बंदी झाली.

गरिबीने जे राखले, ते अजाणता राखले. संपन्नतेत वारसा आपोआप टिकत नाही; तो टिकविण्याचा निर्णय घ्यावा लागतो आणि त्याचा खर्चही सोसावा लागतो. भरल्या पोटीही जुना पूल जागेवर ठेवणाऱ्या या शहराची खरी ओळख तेथेच पटते.