खांबाच्या माथ्यावरचे दान

तुळईचा भार खांबाच्या अरुंद टोकावर एकवटू नये, म्हणून खांबाच्या माथ्यावर रुंद शीर्ष बसवितात. त्यामुळे भार पसरतो आणि तुळईचा अधांतरी राहणारा भागही कमी होतो. बांधकामाच्या या गरजेलाच शिल्पींनी अलंकाराचे रूप दिले. मुरबाड आणि शहापूर येथून घाटमाथ्यावर जाणाऱ्या दोन जुन्या व्यापारी वाटांवर याचे प्राचीन नमुने पाहावयास मिळतात.

मुरबाड तालुक्यातील वैशाखऱ्याजवळून नाणेघाट जुन्नरकडे चढतो. सातवाहनकाळी कल्याण बंदराचा माल याच वाटेने वर जाई. जुन्नरनजीक लेण्याद्रीला, गिरिजात्मजाच्या शेजारीच क्रमांक 6 चे बौद्ध चैत्यगृह आहे. त्यातील स्तंभांवर उपडे घट असून त्यांवर हत्ती, वाघ अशा प्राण्यांच्या आकृती कोरल्या आहेत. येथे स्तंभ, शीर्ष आणि छत एकाच कातळातील आहेत. वेगळी तुळई पेलावयाची नसतानाही लाकडी बांधणीची रीत शिल्पींनी पाषाणात जपली. शिलालेखानुसार हे चैत्यगृह कल्याणच्या हेरणिकाचा पुत्र सुलसदत्त याचे दान होय. हेरणिक म्हणजे सोनार अथवा कोषाध्यक्ष.

दुसरी वाट शहापूरवरून थळघाटाने नाशिकला जाते. तेथील पांडवलेण्यांतील क्रमांक 10 च्या लेण्यात घटाकार शीर्षांवर पाठीला पाठ लावून बसलेले प्राणी आहेत. नहपानाचा जावई उषवदात याने हे लेणे दिले आणि ते चालावे म्हणून 3000 कार्षापणांचा कायम निधीही ठेवला. गोवर्धन येथील विणकरांच्या एका श्रेणीकडे 2000 दरमहा शेकडा 1 व्याजाने, तर दुसरीकडे 1000 शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत घ्यावयाचे नाही. केवळ व्याज वापरावयाचे. 2000 चे वार्षिक व्याज 240, म्हणजे 20 भिक्षूंच्या वस्त्रांसाठी प्रत्येकी 12. हिशेब चोख जुळतो.

आज जीर्णोद्धारासाठी मुक्तहस्ते देणारे हात पुष्कळ आहेत. परंतु जुन्या मंदिराचे वा वाड्याचे कोरीव खांब काढून तेथे गुळगुळीत संगमरवर बसविला, की शिल्पींचे कसब कायमचे लोपते. तैलरंगाच्या थरांखाली नक्षी बुजते, ती वेगळीच. म्हणून विश्वस्तांनी नव्या कामाचा अंदाजपत्रकी आकडा ठरविण्यापूर्वी जुन्या स्तंभशीर्षांची नोंद व छायाचित्रे करून घ्यावीत, जाणकाराचा सल्ला घ्यावा आणि देणगीतील काही भाग केवळ देखभालीसाठी कायम ठेवावा. वास्तू उभारणे हे अर्धे दान. ती टिकविण्याची तरतूद केली, तरच ते पूर्ण होते.