खूण कुणाची?

ऑफिसातून घरी पोचायला माझे साडेनऊ वाजतात. बाबांशी बोलणं ‘जेवलास का?’ एवढंच उरलेलं. परवा करवीर नगर वाचन मंदिरातून (स्थापना १८५०, बॉस!) नारायण धारपांचं ‘लुचाई’ आणलं. सकाळी बघतो तर माझ्या खुणेच्या पुढे केएमटीचं तिकीट खोचलेलं! चोर सापडला : बाबा. मग काय, गप्पाच सुरू. ते हजारावर रहस्यकथा लिहिणाऱ्या बाबूराव अर्नाळकरांच्या ‘झुंजार’वर फिदा, मी सुहास शिरवळकरांच्या ‘दारा बुलंद’वर. रत्नाकर मतकरींच्या गूढकथांबद्दल मात्र एकमत : रात्री एकट्यानं वाचायच्या नाहीत. ‘तुंबाड’ (२०१८) आवडला असेल, तर धारपांपासूनच सुरुवात करा. त्यामागे त्यांच्याच कथेची प्रेरणा. आणि हो, पुस्तक हॉलमध्येच ठेवा. घरातलं कुणीतरी उचलेलच!