नऊ महिने नऊ दिवसांचा हिशेब

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सुमारास शिरपूर तालुक्यात लग्नांची एकच गर्दी उसळते, आणि त्यांतल्या काही नवपरिणीत मुली पुढे जून महिन्यात, अरुणावती नदीला पहिले गढूळ पाणी येण्याच्या दिवसांत, सासूच्या नाही तर जावेच्या मागोमाग दवाखान्याच्या बाकावर येऊन बसतात. तेथे मिळणाऱ्या सोनोग्राफीच्या कागदावरील एका आकड्याने कित्येक घरांत अकारण क्लेश उत्पन्न होतो. म्हणून प्रथम त्या आकड्याविषयीच लिहिणे मला अगत्याचे वाटते.

समजा, 30 एप्रिल 2025 रोजी, अक्षय्य तृतीयेच्या मुहूर्तावर, एका मुलीचा विवाह झाला. तिची शेवटची पाळी 20 एप्रिलला आली होती. आणि 8 जूनला तपासणी झाली तेव्हा कागदावर गर्भाचे वय सात आठवडे लिहून आले. लग्नाला तर साडेपाच आठवडेच झालेले! घरातले कोणीतरी बोटांवर मोजून पाहते, तोंडाने कोणी काही बोलत नाही, परंतु त्या मुलीच्या ताटात भाकरी वाढणारा हात तेवढ्यापुरता थबकतो. वस्तुस्थिती अशी की, गर्भ नेमका कोणत्या दिवशी राहिला हे बहुधा कोणासच सांगता येत नसल्यामुळे वैद्यकशास्त्राने मोजणीचा आरंभ शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून धरला आहे. स्त्रीबीज बाहेर पडते ते साधारणतः त्यानंतर दोन आठवड्यांनी, म्हणजे या मुलीच्या बाबतीत 4 मेच्या आसपास. सबब कागदावरील सात आठवड्यांपैकी पहिले दोन आठवडे गर्भ अस्तित्वातच नव्हता, आणि त्या कागदात तिच्याविरुद्ध कसलाही पुरावा नाही. हा खुलासा तपासणाऱ्याने न विचारता, घरच्या मंडळींच्या समक्ष केला पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्या आयाबायांचा ‘नऊ महिने नऊ दिवस’ हा हिशेब या मोजणीच्या किती निकट आहे, हे पाहून आदर वाटतो. शास्त्र 280 दिवस धरते, म्हणजे सुमारे नऊ महिने आणि सात दिवस. नेगेले या जर्मन प्रसूतितज्ज्ञाच्या नावाने ही रीत ओळखली जाते, आणि तिच्याप्रमाणे वरील मुलीची तारीख 27 जानेवारी 2026 येते. मात्र ठरल्या तारखेलाच हजर होणारी बालके फार थोडी. दोन-तीन आठवडे अलीकडे किंवा आठवडाभर पलीकडे जन्म झाला तर त्यात सहसा वावगे नसते.

‘तीन महिने कोणाला सांगू नये’ हा संकेत ज्यांनी घातला, त्यांच्या मनात माया होती. कारण गर्भ गळून जाण्याचा संभव याच काळात अधिक असतो, आणि त्याचे मूळ पुष्कळदा गर्भाच्या गुणसूत्रांतील दोषात असते, जिना चढण्यात किंवा हंडा उचलण्यात नव्हे. परंतु गर्भाच्या घडणीचे सर्वांत नाजूक कामही याच तीन महिन्यांत उरकते. मेंदू व मज्जारज्जू ज्यातून घडतात ती नलिका कागदावरच्या सहाव्या आठवड्याच्या सुमारास मिटते, हृदयाची धडधड त्याच वेळी पडद्यावर दिसू लागते, आणि बाराव्या आठवड्यापर्यंत मुख्य अवयवांचा आराखडा पुरा होतो. फॉलिक आम्लाची गोळी त्या नलिकेतील व्यंग टाळण्यासाठी असते; ती दिवस राहण्यापूर्वीपासून चालू असावी हे उत्तम, आणि चोरओटी भरेपर्यंत थांबल्यास तो उपयोग निघून जातो. शेजारणीला खुशाल सांगू नये. आशाताईला, म्हणजे गावच्या आशा कार्यकर्तीला, मात्र लगोलग सांगावे आणि बारा आठवड्यांच्या आत नोंद करावी.

मळमळीविषयी थोडक्यात: ती सकाळीच होते असे नाही, आणि ती मुळीच झाली नाही म्हणून गर्भ अशक्त ठरत नाही. मात्र पोटात पाणीही ठरेना आणि लघवी कमी झाली, तर खानदेशच्या उन्हाळ्यात एक दिवसही घरी काढू नये.

पहिलटकरणीला सर्वांत अधिक छळते ती जावेशी होणारी तुलना. ‘तिचे पोट दिसत होते, हिचे दिसत नाही.’ बारा आठवड्यांपर्यंत गर्भाशय ओटीपोटाच्या हाडांआडच असते, विसाव्या आठवड्याच्या आसपास ते बेंबीशी पोचते, आणि पहिल्या खेपेस पोटाचे स्नायू घट्ट असल्याने आकार उशिरा प्रकट होतो. हालचालीचेही तसेच. दुसऱ्या खेपेची बाई सोळाव्या-सतराव्या आठवड्यात ती ओळखते. पहिलटकरणीला अठरा-वीस आठवडे लागतात, कारण ती लाथेची वाट पाहत असते, आणि येते ते माठातल्या पाण्यात एखादा बुडबुडा फुटावा इतके हलके, वायूच समजून सोडून द्यावे असे काहीतरी.

लोहाच्या गोळीने मूल काळे होते, ही समजूत माझ्या दृष्टीने सर्वांत घातक. काळे होते ते आईचे शौच, आणि त्यात भिण्यासारखे काही नाही. गरोदरपणी रक्तातील द्रवभाग तांबड्या पेशींहून अधिक वाढतो, त्यामुळे रक्त काहीसे पातळ होतेच. परंतु हिमोग्लोबिन 11 च्या खाली गेले की तो रक्तक्षय होय. म्हणून चौथ्या महिन्यापासून 180 दिवस रोज एक गोळी देतात. ती चहाबरोबर घेतल्यास अंगी लागत नाही. लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर चांगली लागते. ‘कमी खाल्ले म्हणजे मूल लहान राहील आणि सुटका सुखाची होईल’ हाही असाच भ्रम. त्याने मूल कमी वजनाचे आणि आई थकलेली, एवढेच निष्पन्न होते. कळण्याची भाकरी, वरण, पालेभाजी आणि आपल्या भागातली केळी यांना कोणतीही मनाई नाही.

सातपुड्याच्या पायथ्याशी, बोराडी-सांगवीच्या बाजूच्या पाड्यांत, आणखी एक दक्षता हवी. तेथील आदिवासी समाजात सिकलसेल हा रक्ताचा आजार आढळतो, आणि त्यातून येणारा रक्तक्षय नुसत्या लोहाने भरून निघत नाही. त्याचा दोष एकट्या आईकडून उतरत नाही. आजार पुरता प्रकट होण्यासाठी तो आई आणि बाप दोघांकडून यावा लागतो. बायकोच्या रक्तात तो सापडला, तर दवाखान्याच्या त्याच बाकावर नवऱ्यानेही बसावे, आणि बाही वर सारून आपलेही रक्त तपासणीला द्यावे.