सुटकेच्या अलीकडे आणि पलीकडे

१९९६ च्या फेब्रुवारीत मुंबईतल्या कुंटणखान्यांवर पोलिसांनी छापे घातले आणि शेकडो मुली बाहेर काढल्या. या मुलींनी आता जायचं कुठे, याचा विचार मात्र कोणी केला नव्हता. त्यांतल्या बऱ्याच जणी नेपाळच्या. कागदपत्रं नाहीत म्हणून त्यांचंच सरकार त्यांना परत घ्यायला राजी होईना. कित्येक महिने त्या सुधारगृहांत अडकून पडल्या. शेवटी नेपाळमधल्या स्वयंसेवी संस्थांनी पुढाकार घेऊन १२८ जणींना मायदेशी नेलं. परतलेल्यांपैकी काहींनी ‘शक्ती समूह’ ही संघटना उभारली. २०१३ मध्ये तिला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

देहव्यापारासाठी होणाऱ्या तस्करीविरुद्धचं यश आपण सुटकेच्या आकड्यांत मोजतो. खरं काम छाप्याच्या आधी आणि नंतर असतं. ते बहुतांशी छोट्या संस्थांनी, वस्त्यांनी आणि खुद्द या बायकांनी रेटलं आहे.

आधीचं काम म्हणजे वाट अडवणं. भारत-नेपाळ सीमेवरच्या नाक्यांवर ‘माइती नेपाळ’ या संस्थेच्या कार्यकर्त्या उभ्या असतात, काही जणी स्वतः त्या नरकातून आलेल्या. संशय आला की मुलीला आणि सोबतच्या ‘मामा’ला वेगवेगळं बसवायचं आणि दोघांना तेच प्रश्न विचारायचे: गाव कोणतं, कामाचा पत्ता काय, घरी कोणाला माहीत आहे? उत्तरं जुळली नाहीत तर मुलीच्या घरी निरोप जातो.

आपल्याकडे महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागात ही वाट देवाच्या नावाने जात होती. यल्लम्मा देवीला देवदासी म्हणून सोडलेल्या मुली पुढे मुंबई-पुण्याच्या वस्त्यांत पोहोचत. गडहिंग्लजला १९७५ मध्ये देवदासींची परिषद भरली, बाबा आढावांसारखे कार्यकर्ते या प्रश्नात उतरले. महाराष्ट्रात या प्रथेच्या निर्मूलनाचा नवा कायदा यायला मात्र २००५ साल उजाडलं.

वस्तीत जन्मलेल्या मुलांचा प्रश्न त्याहून अवघड. आईच्या धंद्याची वेळ तीच मुलांच्या झोपेची. मुंबईच्या कामाठीपुऱ्यात ‘प्रेरणा’ संस्थेने १९८८ मध्ये यासाठी रात्रीचं पाळणाघर सुरू केलं. संध्याकाळी मुलं यायची, जेवायची, अभ्यास करायची, तिथेच झोपायची. उपाय साधा, पण आईची वाट मुलीच्या वाट्याला येऊ नये याची तजवीज त्यात होती. नगरला डॉ. गिरीश कुलकर्णी यांनी १९८९ मध्ये सुरू केलेल्या ‘स्नेहालय’चं मूळही लालबत्ती भागातल्या मुलांच्या याच फरफटीत आहे.

सगळ्यांची भूमिका मात्र एक नाही. सांगलीत ‘संग्राम’ संस्थेच्या आधाराने उभी राहिलेली ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ ठणकावून सांगते की फसवून आणलेली मुलगी आणि स्वतःच्या मर्जीने धंदा करणारी प्रौढ बाई यांना एकाच मापाने मोजू नका. कोलकात्याच्या सोनागाछीत ‘दुर्बार’ या तिथल्याच बायकांच्या संघटनेने वस्तीतच स्वयंनियमन मंडळं नेमली. नवी मुलगी आली की ती सज्ञान आहे का, जबरदस्तीने आणली आहे का, हे ती तपासतात. बाहेरून आलेल्या पथकाला जे दिसत नाही, ते शेजारच्या खोलीतल्या बाईला दिसतं. धंदाच बंद व्हावा की मर्जीने करणारीला हक्क मिळावेत, हा संस्थांमधला वाद मिटलेला नाही. पण अल्पवयीन मुलीला तिथे जागा नाही, यावर दोन्ही बाजूंचं एकमत आहे.

सुटकेनंतरची अडचण पोटाची. गोव्यात २००४ मध्ये बायणाची लालबत्ती वस्ती जमीनदोस्त झाली, बायका पांगल्या. धंदा संपला नाही, विखुरला. तिथल्या ‘अर्ज’ संस्थेने मग ‘स्विफ्ट वॉश’ नावाची लाँड्री काढली. कपडे धुणं, इस्त्री, घड्या, पोचवणं असं रोजचं काम आणि महिन्याचा पगार. शिवणयंत्र हातात देऊन निरोप देण्यापेक्षा हे कितीतरी टिकाऊ.

कायद्यानेही उशिरा का होईना, बाईचं म्हणणं ऐकायला सुरुवात केली आहे. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना सुधारगृहांची पाहणी करायला सांगितलं आणि मर्जीविरुद्ध डांबलेल्या प्रौढ स्त्रियांच्या सुटकेची प्रकरणं ठरावीक मुदतीत निकाली काढायला बजावलं.

दिवाळीत अशा संस्थांकडे फराळाचे डबे जातात, जावेतही. पण तुमचं दुकान, कारखाना, हॉटेल असेल तर जवळच्या संस्थेला एक फोन करा आणि एका बाईला पक्की नोकरी द्या. तिचं मागचं आयुष्य मात्र विचारू नका.